ही जोडणी खाजगी नाही

ठमीचा चेहरा यायचा तिथे लाल त्रिकोण आला. त्रिकोणात उद्गारचिन्ह, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: तुमची जोडणी खाजगी नाही. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्रिकोण जागचा हलला नव्हता. खाली बारीक अक्षरांत होतं की ही जागा म्हणजे खरोखर तीच जागा असल्याचा पुरावा मिळत नाही, मधे कुणीतरी बसून तुमचं बोलणं ऐकत असेल. मुलगा मागे येऊन गेला तेव्हा त्याने मशीनवरचं सगळं आपल्या भाषेत करून दिलं होतं, त्यामुळे आता भीतीसुद्धा आपल्याच भाषेत यायची. चार वाजत आले होते. चार वाजता ठमीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, ती राहते त्या शुश्रूषागृहात खिडकीजवळच्या खुर्चीत आणून बसवतात, समोर पाटीएवढा पडदा उभा करतात, आणि इकडून मी दिसले की तिला भरवायला घेतात. माझा चेहरा दिसला तर ती तोंड उघडते. नाही दिसला तर ओठ मिटून भिंतीकडे बघत बसते. गेले दोन दिवस आमच्या इमारतीच्या डागडुजीसाठी वीज बंद होती. मी दिसले नव्हते, आणि ती जेवली नव्हती. सकाळी तिथल्या आयाबाईंचा फोन आला होता. "मोठ्या ताई, आज काही करून या बरं का. डॉक्टर म्हणतात, आज नाही खाल्लं तर उद्यापासून नाकातून नळी. आणि एकदा नळी लागली ना, की मग हाताने भरवायला इथे कुणाला सवड नसते. खोटं कशाला बोलू?" मी म्हटलं, "येते. चारला येतेच." जणू मी पायांत चपला सरकवून निघणारच होते.

मुलाला फोन लावला. तो दूर राहतो, इतक्या दूर की आमची दुपार म्हणजे त्याची सकाळ. त्याने उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे गं."

"अरे, लाल आलंय."

"काय लाल?"

"त्रिकोण. ठमीमावशीच्या पानावर."

मग तो आवाज आला, जो त्याला अलीकडे फुटला आहे. त्याच्या वडिलांना तो कधीच नव्हता. "कशालाही हात लावायचा नाही. कळलं? ते 'पुढे जा' वगैरे दिसेल, ते तर अजिबात दाबायचं नाही. मी संध्याकाळी बघतो."

"संध्याकाळी ती नसते रे. चारलाच आणतात, थोडा वेळ वाट बघतात नि नेतात."

"एक दिवस नाही दिसली तर आभाळ कोसळत नाही, आई. तू मला शब्द दिला आहेस."

नळीचं सांगायचं राहून गेलं. त्याने फोन ठेवलाही होता. शब्द मी दिला होता हे खरं. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या मशीनमध्ये कुणीतरी शिरलं आणि महिनाभर त्यांच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना काहीबाही पत्रं जात राहिली. भाचीच्या सासूला जे गेलं ते तर सांगण्यासारखंही नाही. हे मी गंमत म्हणून मुलाला सांगितलं, आणि गंमत माझ्याच गळ्यात आली. तो म्हणाला, लाल दिसलं की थांबायचं. नाही थांबलीस तर मी येईन, ते मशीन उचलून नेईन आणि तुलाही. 'तुलाही' हा शब्द तो अगदी प्रेमाने म्हणाला होता. त्याच्याकडे माझ्यासाठी खोली तयार आहे, मी तिचा फोटो पाहिला आहे. पांढरी खोली, पांढरी गादी आणि एक खिडकी, जिच्यातून दुसऱ्या घराची भिंत दिसते. तसं पाहिलं तर इथल्या खिडक्यांतून तेवढंही दिसत नाही. महिना झाला, इमारतीला बाहेरून बांबू बांधले आहेत आणि त्यांच्यावर हिरवी जाळी. सगळा उजेड त्या जाळीतून गाळून येतो, हातसुद्धा पाण्यात बुडवल्यासारखे दिसतात. मधूनच काचेबाहेरून कुणाचे तरी पाय जातात. खिडकी उघडायची नाही, धूळ येते. दार उघडायचं नाही, कामाच्या निमित्ताने कोणीही वर येतं. दाराला मुलाने भिंग बसवून दिलं आहे. त्यातून पाहिलं की बाहेरचा माणूस फुगलेल्या डोक्याचा आणि काडीच्या पायांचा दिसतो, मग ओळखीचा असला तरी उघडावंसं वाटत नाही.

शुश्रूषागृहाचा नंबर फिरवला. एका गोड बाईने मला सांगितलं की मी रांगेत आहे आणि माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग बासरी लागली. मी फोन कानाशी धरून लाल पानाकडे बघत राहिले, आणि मला हसू आलं. आमच्या बोर्डावर मी कुणाला असं बासरी ऐकत ठेवलं असतं, तर घुबडाने माझा कान उपटून हातात दिला असता. घुबड म्हणजे आमच्या सुपरवायझरबाई. मान न वळवता त्यांना पाठीमागचं दिसायचं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लग्नाआधी लागले आणि बोर्ड मोडीत निघेपर्यंत तिथेच होते. उंच स्टुलावर आम्ही ओळीने बसायचो, कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत. दिवा लागला की दोरी उचलायची, विचारायचं, "कोण हवंय?", दुसरी दोरी दुसऱ्या भोकात. शिकवण्याच्या पहिल्याच दिवशी घुबडाने सांगितलं होतं, "दोन्हीकडचे आवाज ऐकू आले की ऐकायची कळ मागे घ्यायची. त्यानंतर तुम्ही नाही. तुम्ही तिथे नव्हताच." पण आवाज येईपर्यंत मात्र आपण असायचो. कुणीतरी हॅलो म्हणायचं, तिकडून कुणीतरी श्वास घ्यायचं, आणि त्या अर्ध्या क्षणात दोन घरांच्या मधोमध मी एकटी उभी असायचे. मधे कुणीतरी बसून तुमचं बोलणं ऐकत असेल, हे लाल पान आता मला काय सांगतंय! ती मीच होते. गावभरच्या बायकांचे नवरे, नवऱ्यांचे साहेब, साहेबांची दुखणी, सगळं माझ्या बोटांखालून गेलं आणि बोटांना कधी काही लागलं नाही. मला आवाज ओळखता यायचे. नाव सांगायच्या आधी मी दोरी लावलेली असायची. पुरावा वगैरे कोण मागत होतं? माणूस बोलला की तो माणूस असायचा.

ठमी तर बोलायचीसुद्धा नाही. घरचे फोन घ्यायला आम्हाला सक्त मनाई होती, घुबड डोळे लावून बसलेलं. ठमीचं तेव्हा नवीन लग्न झालेलं. सासरच्या माडीवर फोन होता आणि माडीवर दुपारी कुणी नसायचं. ती फोन उचलायची, आमच्या बोर्डावर दिवा लागायचा, आणि ती तोंडाने काही न बोलता रिसीव्हरवर नखाने वाजवायची. टक टक, मग थोडं थांबून, टक. दिवा कुणाच्या का टेबलावर लागेना, त्या मुलीने मानेने खूण केली की मी ती लाइन माझ्याकडे ओढून घ्यायची आणि माझ्या नखाने परत द्यायची. टक टक. टक. एवढंच. मी आहे, तू आहेस ना? आहे. मग ती फोन ठेवायची. कधी त्या थांबण्यात एक हुंदका असायचा, तो मला कळायचा, पण विचारता यायचं नाही, आणि पुढे माहेरपणाला आली की ती सांगायची नाही. एकदा घुबडाने विचारलं, "हे काय खडखडतंय?" माझ्या शेजारची म्हणाली, "लाइनमध्ये उंदीर शिरलाय, मॅडम." तेव्हापासून ठमीचं तिथलं नाव उंदीर पडलं. "तुझा उंदीर आला गं." एका सबंध पिढीच्या ऑपरेटरांनी माझ्या बहिणीला न पाहता तिला जीव लावला होता.

फोनमधली बासरी संपून पहिल्यापासून सुरू झाली. मी फोन खाली ठेवला. पानावर उजवीकडे निळं मोठं बटण होतं: सुरक्षित जागी परत. डावीकडे 'अधिक माहिती'. तेवढं दाबायला हरकत नसावी, असं मी स्वतःला सांगितलं आणि दाबलं. पान खाली लांबलं, आणि अगदी तळाशी, राखी रंगात, कुणाला दिसू नये अशा बेताने लिहिलं होतं: पुढे जा (असुरक्षित). मी बाण तिथवर नेला. बाणाचं बोट झालं. मी हात उचलला नाही आणि दाबलंही नाही. मला शब्द मोडायची भीती वाटत होती का? वाटत होती. पांढऱ्या खोलीचीही वाटत होती. पण खरी भीती निराळीच होती, आणि ती मला तिथे, त्या हिरव्या उजेडात, बोट टांगलेलं असताना कळली. मी दाबलं आणि ठमी आली, तर ती ठमीच कशावरून? खुर्ची तीच असेल, खिडकी तीच, तिची ती तिरकी मान, आणि मधे बसलेल्या कुणीतरी तिच्यासारखी एक घडवून ठेवलेली असेल तर? हसू नका. गेल्या कित्येक आठवड्यांत तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, ती नजर माझ्या बहिणीची होती हे मी तरी कुठे छातीठोकपणे सांगू शकत होते? ती माझ्याकडे बघायची तशी पडद्याच्या चौकटीकडेही बघायची. मी दिसले की तोंड उघडायची, पण बल्ब लावला की पालही बाहेर येते. मी जिला रोज भेटत होते तिला पुरावा नव्हताच. फक्त आजवर लाल अक्षरांत कुणी तसं लिहून दाखवलं नव्हतं.

मी निळं बटण दाबलं. सुरक्षित जागी परत. सुरक्षित जागा म्हणजे कोरं पान निघालं. त्यावर काहीच नव्हतं. काहीतरी ओळखीचं दिसावं म्हणून मी वर्तमानपत्राचं पान उघडलं, जे मी रोज सकाळी वाचते. लाल त्रिकोण. हवामानाचं उघडलं. लाल त्रिकोण. शब्दकोडं. लाल. जिथे जाईन तिथे तोच त्रिकोण, दारोदार एकच पहारेकरी उभा असावा तसा. क्षणभर मला वाटलं की सबंध जगच कुणीतरी रातोरात बदलून टाकलं आहे, खरं उचलून नेलंय आणि त्याजागी हुबेहूब खोटं ठेवलंय, आणि मी एकटीच या जाळीच्या आत उरले आहे. काचेबाहेरून पाय गेले. ते तरी खरे होते का? आणि तेवढ्यात घुबड माझ्या कानाशी बोललं. म्हणजे तसं नव्हे. पण इतक्या वर्षांनी तो घोगरा आवाज मला जसाच्या तसा आठवला. माझ्या नव्या नवलाईच्या दिवसांत एकदा मी ओरडले होते, "मॅडम, सगळं गाव मुकं झालंय!" आणि बाई जागेवरून न उठता म्हणाल्या होत्या, "एक लाइन मेली तर दोष तिकडचा. सगळ्या मेल्या तर दोष तुझ्या टेबलाचा. गावाला नावं ठेवण्याआधी स्वतःच्या टेबलाखाली वाक."

मी वाकले. खरोखरच टेबलाखाली वाकून पाहिलं, गुडघ्यांनी शिव्या दिल्या. तारा जागच्या जागी होत्या. वर आले, पुन्हा ठमीचं पान उघडलं आणि लाल पानावरचं बारीक अक्षर नाक टेकवून वाचलं. त्यात एक ओळ होती जी मी मघाशी भीतीने वाचलीच नव्हती. या जागेच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरू झालेली नाही. संपली आहे असं नव्हे. सुरू झालेली नाही. म्हणजे काय? शुश्रूषागृह तर कधीचं आहे, ठमी तिथे आहे. मग माझी नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे गेली, जिथे घड्याळ असतं, ज्याच्याकडे मी कधी बघत नाही कारण भिंतीवर आहे. एक जानेवारी. आणि साल. ते साल मी दोनदा वाचलं आणि मग हात आपोआप टेबलावरून उचलून मांडीत घेतला, तापलेल्या तव्याला लागावा तसा. ज्या साली आमच्या ह्यांनी हे मशीन घरी आणलं, ते साल होतं.

ह्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. पाठ माझ्याकडे, हातात पेचकस, मशीनचं पोट उघडं. "हे बघ, यात एक गोल सेल असतो. बटणाएवढा. वीज गेली तरी ह्या सेलवर याला काळ कळतो. तो संपला की बिचाऱ्याला काही कळत नाही, जन्मापासून सुरुवात." मी म्हटलं होतं, "तुमच्यासारखंच. चहा मिळाला नाही की." त्यांना घड्याळांचा नाद होता. घरातली सगळी घड्याळं ते थोडी पुढे लावून ठेवायचे. पाहुणे गाडी चुकेल म्हणून धावत सुटायचे आणि स्टेशनावर तासभर बसायचे. "पुढे असलेलं बरं," ते म्हणायचे, "मागे राहिलेला माणूस नुसता दारं वाजवत फिरतो." आणि आता त्यांचं मशीन दोन दिवस वीज नव्हती एवढ्यावरून मागे पडलं होतं, इतकं मागे की त्याच्या हिशेबी ते अजून याच खुर्चीत बसलेले होते. मुलगा अजून आतल्या खोलीत झोपलेला होता आणि उठून विचारणार होता, "बाबा, चालू झालं?" ठमी आठवड्याला येत होती, येताना जिन्यातूनच बोलायला सुरुवात करत होती. मशीनला पुढचं काही ठाऊकच नव्हतं. जग त्याला आपली आजची ओळख दाखवत होतं आणि ते प्रामाणिकपणे म्हणत होतं, ही ओळख अजून जन्मलेली नाही, तुम्ही खोटे आहात. मला त्याचा राग येईना. मला त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसावंसं वाटलं. अंगावरचा उजेड हिरवा होता, दार लावलेलं होतं, कुणी येणार नव्हतं. या कोपऱ्यात एक जानेवारी होती आणि मी तिला हात लावला नाही तर ती तशीच राहणार होती. मी किती वेळ बसले कोण जाणे. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेलेले दिसले, आणि एक कोरडी, न जेवलेली जीभ मला माझ्याच तोंडात जाणवली.

घड्याळावर दाबलं. चौकोनी कॅलेंडर उघडलं, वर एक बाण डावीकडे, एक उजवीकडे. उजवीकडचा दाबला की महिना पुढे जातो. एकदम साल बदलायची काही युक्ती असणार, पण ती मला येत नाही, आणि विचारायला कुणी नव्हतं. मी एकेक महिना दाबत निघाले. फेब्रुवारी. मार्च. ज्या मेमध्ये आम्ही तिघं टेकडीवर गेलो आणि वाट चुकलो, तो मे. पुढे साल बदललं. मुलगा परदेशी गेला तो ऑगस्ट. त्या महिन्यात मी त्याच्या खोलीची चादर बदलली नव्हती. टक. टक. बोट दाबत होतं आणि प्रत्येक महिन्याबरोबर काहीतरी पुन्हा एकदा होऊन जात होतं, या वेळी माझ्या हातून. ठमीने पहिल्यांदा मला "तुमचं नाव काय?" विचारलं तो महिना अजून पुढे होता. त्याच्या अलीकडे ह्यांचा तो नोव्हेंबर. मला तो दुरूनच दिसला, एक एक महिना जवळ येताना. ऑक्टोबरवर माझं बोट थांबलं. ऑक्टोबरमध्ये ते हॉलमध्ये बसून घड्याळ पुसत होते. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. एक फोन आला होता आणि झालं होतं. आता मात्र ते माझ्या दाबण्यावाचून अडलं होतं. मी दाबलं नाही तर तिकडे नळी, दाबलं तर इकडे हे. मशीन वाट बघत होतं, त्याला कसलीच घाई नव्हती.

मी दाबलं. नोव्हेंबर आला, तीस चौकोनांचा, सगळे चौकोन सारखे. ती तारीख तिथेच होती, इतर तारखांसारखीच, तिच्याभोवती काळी चौकटसुद्धा नव्हती. डिसेंबर. मग मी थांबलेच नाही. सालं, महिने, रिकामे, भराभर, त्यातल्या कित्येकांत मी काय केलं हे मला आजही सांगता येणार नाही. आजच्या तारखेवर आले, वेळ भिंतीवर पाहून लावली. आधी नेमकी लावली, मग ह्यांची आठवण होऊन थोडी पुढे केली. लावता लावता लक्षात आलं की सेल तर मेलेलाच आहे. पुन्हा वीज गेली की हे पुन्हा मागे जाणार, आणि ठमीपाशी पोचायचं तर मला दर वेळी याच रस्त्याने यावं लागणार, याच नोव्हेंबरावर पाय देऊन. डागडुजी अजून महिनाभर चालायची आहे.

पान उघडलं. त्रिकोण नाही, काही नाही. खिडकी, खुर्ची, आणि खुर्चीवर वाकलेल्या आयाबाई, पडदा काढून घेण्याच्या बेतात. "अगं बाई, आल्या! मी म्हटलं मोठ्या ताई रुसल्या की काय. धाकट्या ताई, बघा कोण आलंय. बघा तरी." त्या बाजूला झाल्या आणि मागे ठमी होती. लहान झालेली, ओठ घट्ट मिटलेले. तिने माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांत मी तिला आणखी परकी झाले होते. मी म्हटलं, "ठमे, मी आलेय. ताई." ती जागा म्हणजे तीच जागा असल्याचा पुरावा तिला माझ्याकडून मिळत नव्हता. आयाबाईंनी चमचा ओठांपाशी नेला, ओठ आणखी मिटले. "बघा, हे असं परवापासून," त्या म्हणाल्या. मला आणखी काय दाखवता येणार होतं? मी पुढे वाकले आणि मशीनच्या माइकच्या दांडीवर नखाने वाजवलं. टक टक. थांबले. टक.

ठमीचा हात समोरच्या फळीवर पडलेला होता. त्याचं एक बोट उचललं गेलं. टक टक.

"ते होय," आयाबाई म्हणाल्या, "ते काही नाही हो. दिवसभर चालू असतं त्यांचं. फळीवर, पलंगावर, माझ्या हातावरसुद्धा. कुणीही आलं तरी करतात. मी म्हणते, धाकट्या ताई, दार उघडंच आहे, वाजवताय काय?"

मी तिसऱ्याची वाट पाहिली. तेवढ्यात चमचा वाटीवर आपटला, आणि नंतर जो आवाज आला तो नखाचा होता की चमच्याचा, हे ज्या कानांनी सगळ्या गावाचे आवाज ओळखले त्या कानांना सांगता आलं नाही. पण ओठ उघडले. घास आत गेला. गिळताना तिचा गळा हलला, तिचे डोळे पडद्यावर होते, माझ्यावर किंवा चौकटीवर. नियम असा आहे की दोन्हीकडचे आवाज ऐकू आले की कळ मागे घ्यायची, त्यानंतर आपण तिथे नसतो. मी जागची हलले नाही. मी दांडीवर नख ठेवलं आणि आयाबाईंना म्हटलं, "आणखी एक द्या. मी वाजवते, तुम्ही भरवा."